बागेत खवले मांजराचं बीळ दिसलं, तर काय करायचं आणि काय नाही

रत्नागिरी : काजूच्या बागेत झाडाखालचं गवत काढताना, नाहीतर पावसाळा संपल्यावर बांध दुरुस्त करताना कधीतरी ताज्या मातीचा ढीग आणि त्यामागे एक मोठं बीळ दिसतं. शेजारचं वारूळ फोडलेलं असतं. गडी म्हणतो साळिंदर असेल. दुसरा म्हणतो घोरपड. आणि तिसरा कोणीतरी हळूच म्हणतो, खवल्या आहे, कोणाला सांगू नका, मी एक फोन करतो.

तो फोन कोणाला जातो, यावर पुढचं सगळं ठरतं. वन विभागाला गेला तर अर्ध्या दिवसात विषय संपतो. दलालाला गेला तर एक मुकं जनावर मरतं आणि बऱ्याचदा गावातली दोन-चार पोरं तुरुंगात जातात. गेल्या काही वर्षांत कोकणात आणि राज्याच्या इतर भागांतही खवले मांजराच्या तस्करीचे गुन्हे वरचेवर दाखल होत आहेत. पकडले जाणारे बहुतेक साधे लोक असतात. कोणी शेतमजूर, कोणी रिक्षावाला, कोणी कॉलेज सोडलेला. माल ज्याच्याकडे जाणार असतो तो मोठा माणूस क्वचितच हाती लागतो.

म्हणून हे जनावर नेमकं आहे काय, ते आपल्या जमिनीत का येतं, त्रास किती देतं आणि त्याच्यासोबत राहायचं कसं, हे नीट समजून घेतलेलं बरं.

मांजर नावालाच

खवले मांजर हे मांजर नाही. नखापासून शेपटीपर्यंत अंगावर कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, लांबट तोंड, बारीक डोळे आणि पुढच्या पायांना कुदळीसारखी नखं. मोठं जनावर शेपटीसकट तीन-साडेतीन फुटांच्या आसपास भरतं आणि वजन साधारण १० ते १६ किलो. तोंडात एकही दात नाही. लांब चिकट जीभ वारुळात घालायची आणि मुंग्या, वाळवी, त्यांची अंडी चाटून घ्यायची, एवढाच त्याचा आहार. आंबा, काजू, नाचणी, भात, कोंबडी, अंडी यातलं काहीही ते खात नाही.

दिवसा बिळात झोपतं, रात्री बाहेर पडतं. नजर कमजोर, पण वास घेण्यात पटाईत. चालताना पुढच्या पायांची नखं आत दुमडून चालतं, त्यामुळे चाल थोडी लंगडल्यासारखी वाटते. घाबरलं की डोकं पोटाशी घेऊन गोळा होतं. पोटाकडची बाजू मऊ असते, तिथे खवले नसतात, म्हणून ती आत झाकून घेतं. त्या गोळ्यापुढे बिबट्याचेही दात सहसा चालत नाहीत. माणसापुढे मात्र हा डाव उलटा पडतो. पळत नाही, चावत नाही, ओरडत नाही. उचलायचं आणि पोत्यात टाकायचं, एवढं सोपं होऊन बसतं. लाखो वर्षं ज्या सवयीनं त्याला वाचवलं, तीच आता त्याच्या जिवावर उठली आहे.

मोबाईलवर 'खवले मांजर' म्हणून फिरणारे बरेच व्हिडिओ दुसऱ्याच प्राण्याचे असतात. अमेरिका खंडातला आर्माडिलो नावाचा प्राणी तसाच चिलखती दिसतो, तोही मुंग्या-किडे उकरून खातो आणि तिथले शेतकरी अंगणं उकरतो म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडतात. पण त्याचं चिलखत हाडाच्या तुकड्यांचं असतं आणि त्याचा खवले मांजराशी नात्याचा संबंध नाही. आर्माडिलो आपल्याकडे सापडत नाही. आपल्याकडे आहे ते भारतीय खवले मांजर, आणि त्याच्या खवल्यात जे द्रव्य असतं ते आपल्या नखात आणि केसात असतं तेच. केराटिन म्हणतात त्याला. म्हणजे खवल्याचं औषध घेणारा आणि स्वतःची नखं कुरतडणारा, दोघांच्या पोटात जातं ते एकच.

खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध जाते, घरात खवला ठेवला की बाधा होत नाही, अशा समजुती देशात बऱ्याच ठिकाणी आहेत. खरी मोठी मागणी मात्र चीन आणि व्हिएतनामकडची. तिथे पारंपरिक औषधांत खवले वापरले जात. चीननं २०२० साली खवल्यांना आपल्या अधिकृत औषधांच्या यादीतून काढलं. त्याआधी २०१७ पासून सर्व खवले मांजरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी लागू झाली आहे. तरी चोरटा धंदा थांबलेला नाही, कारण दलालांना कागदावरच्या बंदीशी देणंघेणं नसतं.

रान आपलं, म्हणून जबाबदारीही आपलीच

रत्नागिरी जिल्ह्याची एक गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही. इथे सरकारी जंगल फारच थोडं आहे. डोंगर हिरवा दिसतो, पण त्यातला जवळपास सगळा भाग कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर असतो. वरकस जमीन, काजूची बाग, देवराई, कातळसडा, ओढ्याकाठचं किंजळ-ऐनाचं रान, हे सगळं गावाचं नाहीतर खासगी मालकीचं. विदर्भात वाघासाठी अभयारण्य आहे. इथल्या खवले मांजरासाठी असं राखीव जंगल नाही. ते राहतं ते शेतकऱ्याच्याच जागेत. तो राहू देतो म्हणून राहतं.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं हे ओळखून गावोगावी काम सुरू केलं. वेळासच्या कासवांसाठी हीच संस्था आणि भाऊ काटदरे यांचं नाव जिल्ह्याला माहीत आहे. खवले मांजराच्या बाबतीतही त्यांनी गावकऱ्यांनाच सोबत घेतलं. डुगवे गावात खवलोत्सव साजरा झाला, शिमग्यात देवाची पालखी नाचवतात तशी खवले मांजराच्या प्रतिकृतीची पालखी नाचवली गेली. ज्या कोकणात पालखीपुढे माणूस खोटं बोलायला कचरतो, तिथे ही युक्ती एखाद्या सरकारी फलकापेक्षा जास्त कामाची आहे, हे कोणीही मान्य करील.

आता साधा हिशोब बघा. खवले मांजराची मादी बहुधा वर्षाला एकच पिल्लू देते. ते पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं. समजा एका वाडीच्या आसपास दोन माद्या आहेत आणि एका उन्हाळ्यात दोन्ही गेल्या. मग त्या रानात पुन्हा पिल्लू दिसायला शेजारच्या डोंगरातून दुसरी मादी चालत यावी लागते. वाटेत रस्ता, खाण, कुत्री, फासे. उंदीर-डुकराचं तसं नाही. डुक्कर एका विताला चार-सहा पिल्लं घालतं, मारलं तरी भरून निघतं. खवले मांजराचं नुकसान भरून निघत नाही.

बीळ कसं ओळखायचं

साळिंदराच्या बिळाबाहेर काटे पडलेले असतात, कुरतडलेली हाडं किंवा फळांची सालं असतात. खवले मांजराच्या बिळाबाहेर असलं काही नसतं. फक्त उकरलेली माती आणि कधी शेपूट घासत गेल्याची रेघ. आजूबाजूची वारुळं नखांनी फोडलेली दिसतात.

त्याची बिळं दोन प्रकारची असतात. एक खाण्यासाठी उकरलेलं, उथळ, तिरकं, वाळवी संपली की सोडून दिलेलं. दुसरं राहायचं. ते खोल असतं, पुष्कळदा मोठ्या दगडाच्या, झाडाच्या मुळाच्या किंवा दरडीच्या आधारानं. आत शिरल्यावर काही वेळा ते तोंड आतून मातीनं बंद करून घेतं. त्यामुळे बीळ बुजलेलं दिसलं म्हणजे रिकामं आहे असं समजू नये.

वापरात आहे की नाही हे बघायला एक सोपी पद्धत आहे. संध्याकाळी बिळाच्या तोंडावर चार-पाच बारीक काटक्या आडव्या ठेवायच्या, किंवा माती हातानं सपाट करायची. सकाळी काटक्या हललेल्या असतील, माती उठली असेल, तर आत कोणीतरी राहतंय. सलग आठवडाभर काही हललं नाही तर बीळ सोडलेलं असण्याची शक्यता जास्त.

त्रास होतो, नाही असं नाही

खवले मांजर काही नुकसानच करत नाही असं सांगणाऱ्यांनी बांध घातलेला नसतो. भाताच्या खाचराच्या बांधात वाळवी असेल तर ते तिथे उकरतं आणि पहिल्या जोरदार पावसात तिथून पाणी फुटतं. नवीन लावलेल्या कलमाच्या बुंध्याला वाळवी लागलेली असली तर मुळाजवळची माती सैल होते. घराच्या मागच्या गडग्याखाली उकरलं तर चार दगड खाली येतात. हे सगळं खरं आहे.

पण यातलं बहुतेक नुकसान दोन घमेली मातीत भरून निघतं. खाण्यासाठी केलेले उथळ खड्डे लगेच बुजवले तरी हरकत नाही. वर दगड चेपले की पुन्हा तिथेच सहसा उकरत नाही, कारण वाळवी संपलेली असते. कलमाजवळची माती दाबून पाणी दिलं की काम झालं. आणि मुळात जिथे ते उकरतं, तिथे वाळवी होती हे आपल्याला फुकटात कळतं. आंब्याच्या खोडावर मातीचे पापुद्रे चढायला लागले की बागायतदार औषधाला धावतो. हा रात्रीचा गडी ते काम मजुरी न घेता करून जातो. त्याच्या एकट्याच्या जिवावर बाग वाळवीमुक्त होईल असं नाही, पण खर्च थोडा कमी होतो, आणि कर्जात पीक काढणाऱ्याला थोडं कमी म्हणजेही कमी नसतं.

बांधातलं राहतं बीळ असेल तर मात्र घाई करू नये. आत धूर करणं, पाणी ओतणं, पहार घालणं हे प्रकार केले की आत असलेलं जनावर, आणि असेल तर पिल्लूही, मरतं. कायद्यानं ती शिकार ठरते. खवले मांजर एकाच बिळात कायम राहत नाही, अन्न संपलं की जागा बदलतं. काटक्या लावून बघायचं, गेलं की दुसऱ्या दिवशी बुजवायचं. पेरणी तोंडावर आली आणि ते हलतच नसेल तर वन विभागाला कळवायचं. तोवर बिळाच्या वरच्या अंगाला मातीचा छोटा अर्धगोल बांध घातला तर पाणी थेट बिळात जात नाही.

वारुळात कीटकनाशक ओतायची सवयही थोडी आवरायला हवी. घराच्या पायाजवळचं, गोठ्याजवळचं, नव्या कलमांतलं वारूळ काढलं तर समजू शकतं. बागेच्या टोकाला, जिथे कोणाचं काही अडत नाही, तिथलं वारूळ आणि कुजका ओंडका राहू द्यावा. पोट तिथे भरलं तर ते घराकडे कशाला येईल?

तार, विहीर, शेततळं

शिकारीइतकाच मोठा धोका आता कुंपणांचा झाला आहे. रानडुक्कर आणि माकडांनी शेतकऱ्याला इतकं बेजार केलंय की झटका मशीन लावल्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. पण त्याची एक बाजू माहीत असायला हवी. डुक्कर तारेला लागलं की ओरडून मागे पळतं. खवले मांजर पळत नाही, गोळा होतं. तार त्याच्या पोटात अडकते आणि झटके बसतच राहतात. जितके झटके तितकं ते आणखी घट्ट आवळतं. दक्षिण आफ्रिकेत तिथली खवले मांजरं विद्युत कुंपणाला अशीच मरतात हे अभ्यासातून दिसलेलं आहे, आणि सर्वात खालची तारच बहुतेक वेळा घात करते.

म्हणून खालची तार जमिनीला अगदी लागून नेऊ नये. जिथे वारुळं आहेत, ओढा ओलांडायची वाट आहे, तिथे ती शक्य तितकी वर घ्यावी. पीक नसेल त्या दिवसांत मशीन बंद ठेवावं. आणि रोज उजाडताच कुंपणाला एक फेरी मारावी. जनावर अडकलेलं दिसलं तर आधी मशीन बंद, मग बाकीचं.

घरातल्या लाईनचा थेट करंट कुंपणात सोडणं हा वेगळाच प्रकार. त्यात खवले मांजर मरतं, म्हैस मरते आणि पहाटे परसाकडे गेलेला शेजारीही मरतो. असा मृत्यू झाला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. त्यावर अजून काय लिहायचं.

डुकरासाठी लावलेल्या फासक्यांचंही तेच. फासा कोणासाठी लावला हे फाशाला कळत नाही.

कठडा नसलेली विहीर आणि बंद पडलेली चिऱ्याची खाण, दोन्ही रात्री फिरणाऱ्या जनावराला दिसत नाहीत. विहिरीला दोन फूट उंच चिऱ्याची रांग लावली तरी पुष्कळ फरक पडतो, आणि आपली पोरंही सुरक्षित राहतात. शेततळ्याचा प्लास्टिक कागद तर सगळ्यात वाईट. आत उतरलेलं जनावर नखं मारत राहतं, कागद फाटतो, जनावर दमून बुडतं. म्हणजे शेतकऱ्याचं दोन्हीकडून नुकसान. एका कोपऱ्यात काथ्याची जाळी किंवा एकमेकांना बांधलेली जुनी गोणपाटं वरपासून पाण्यापर्यंत सोडून ठेवली तर साप, ससा, खवले मांजर, सगळेच चढून बाहेर येतात. खर्च जवळपास काही नाही.

वणव्याचं सगळ्यांना माहीत आहे, तरी दरवर्षी लागतो. दिवसा बिळात झोपलेल्या जनावराला धूर आणि आग दोन्ही चुकवता येत नाहीत. आणि आग गेल्यावर उघड्या पडलेल्या काळ्या डोंगरावर बीळ लांबूनही नजरेला पडतं. शिकाऱ्याला आणखी काय पाहिजे?

रात्री समोर आलं तर

गाडीसमोर आलं तर गाडी थांबवायची, लाईट मंद करायची, पाच मिनिटं वाट बघायची. अंगणात आलं तर कुत्री बांधायची आणि गर्दी जमवायची नाही. गोळा झालं असेल तर त्याला उलगडायचा प्रयत्न अजिबात करू नये. सगळे आत गेले, शांतता झाली की ते आपणहून सुटतं आणि चालायला लागतं. घरात किंवा गोठ्यात शिरलं असेल तर रानाकडचं एक दार उघडं ठेवून दिवे घालवायचे. शेपटी धरून ओढू नये. नखं जोरदार असतात, मारायला नाही पण सुटायला म्हणून ते चालवतं आणि हात फाटू शकतो.

विहिरीत पडलं असेल, जखमी असेल, कुत्र्यांनी घेरलं असेल, तर वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६. चोवीस तास चालतो. नाहीतर वनरक्षक किंवा पोलीस पाटील. माणसं येईपर्यंत लांब उभं राहायचं आणि बाकीच्यांनाही लांब ठेवायचं. दूध, पाव, केळं, अंडं काहीही देऊ नये. त्याला ते चालत नाही. माणसाच्या ताब्यात हे जनावर लवकर खचतं आणि पुष्कळदा मरतं, म्हणून दोन दिवस पाळून बघू हा विचारही धोक्याचा. गोणीत तर नकोच. गोणी ते फाडतं आणि ती घुसमटही त्याला सोसत नाही.

आणि फोटो. आजकाल पहिला हात मोबाईलकडे जातो. फोटो काढला तर काढला, पण स्टेटसला ठेवताना गावाचं, वाडीचं, बागेचं नाव टाकू नये. दलालांची माणसं असल्या ग्रुपमध्ये असतातच. सकाळी टाकलेल्या स्टेटसवर संध्याकाळी अनोळखी नंबरवरून विचारणा येते. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत खवले मांजराची नोंद जरूर करावी, पण नेमकं बीळ कुठल्या गटात आहे ते चारचौघांत वाचून दाखवायची गरज नाही.

लाखाच्या गोष्टी आणि कोर्टाच्या तारखा

मांडुळाच्या वेळी जे झालं तेच इथे. कोणीतरी सांगतं, एका खवल्याला लाखो मिळतात. कोणी पाहिलेले असतात का? नाही. ज्याला मिळाले त्याला ओळखणारा कोणीतरी भेटलेला असतो, एवढंच. मग पोरं रात्री बॅटरी आणि कुत्री घेऊन निघतात. जनावर मिळतं. गिऱ्हाईक शोधायला दोन-चार फोन होतात. आणि ठरलेल्या ठिकाणी गाडी घेऊन आलेलं गिऱ्हाईक पुष्कळदा पोलिसांचं किंवा वन विभागाचं असतं. बनावट ग्राहक पाठवून पकडण्याची ही पद्धत जुनी आहे, तरी दर वेळी कोणीतरी नवीन सापडतोच.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खवले मांजर आहे, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. शिक्षा किमान ३ वर्षं, कमाल ७ वर्षं. दंड किमान २५ हजार रुपये. मारलं नाही, फक्त ठेवलं, फक्त पोचवलं, फक्त ओळख करून दिली, असं म्हणून सुटका होत नाही. नुसते खवले घरात सापडले तरी गुन्हा. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीच्या गुन्ह्यात जामिनाच्या अटीही कडक आहेत, सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट सोडत नाही. ज्या मोटरसायकलवरून किंवा रिक्षातून नेलं ती जप्त. ती अजून हप्त्यावर असली तरी हप्ता थांबत नाही. पुढे वर्षानुवर्षं तारखा, वकिलाची फी, आणि मुंबईत नोकरीला लागायचं तर पोलीस दाखल्याला अडचण. आईच्या अंगावरचं सोनं कुठे गेलं हे मग गावात कोणी विचारत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

याच्या उलट, चुकून एखादं जनावर किंवा जुने खवले हाती आले, म्हणजे शेतात मेलेलं सापडलं, वडिलांच्या ट्रंकेत खवला निघाला, तर घाबरून पुरून टाकायची गरज नाही. वन्यप्राणी ही कायद्यानं सरकारची मालमत्ता असते आणि ती कोणाच्या हाती आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. लपवलं की संशय येतो. सोबत पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना घेऊन गेलं तर बोलणं सोपं जातं.

कळवणाऱ्याच्या मनात एक भीती असते, आपल्यालाच बोलावत बसतील. जिवंत जनावर वाचवलं असेल तर साधारणपणे जागेवर पंचनामा होतो, दोन पंचांच्या सह्या होतात, आणि प्रकृती ठीक असेल तर ते जवळच्याच रानात सोडलं जातं. जखमी असेल तर आधी डॉक्टरकडे नेतात. सही करण्यापूर्वी पंचनामा वाचून घ्यावा, तारीख, वेळ आणि जनावर जिवंत होतं की मेलेलं एवढं तपासावं, आणि त्याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवावा. हा फोटो मात्र जपून ठेवण्यासारखा.